साडेतीन हजारांचा डबा आणि ऐंशी रुपयांची बादली

आज सकाळी पार्किंगमध्ये भंगारवाल्यासाठी काढून ठेवलेल्या सामानात ओल्या कचऱ्याचे खत करायचा एक तीन मजली डबा, म्हणजे कंपोस्ट बिन, दिसला आणि त्यानंतरचा चहा काही गोड लागला नाही. साडेतीन हजारांचा, खाली तोटी असलेला, जवळजवळ नवा. सोबत आलेल्या कल्चरच्या, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या विरजणाच्या, पुड्यांपैकी एकच फोडलेली होती. ज्याचा होता तो तरुण तिथेच भेटला. "काका, वास येतो हो, हे आपल्याला जमणारं काम नाही," म्हणाला.

हे वाक्य माझ्या ओळखीचे आहे, कारण 2019 च्या जुलैमध्ये मी स्वतः ते उच्चारले होते. बिल्डिंग रंगवून झाल्यावर रंगाऱ्याने वीस लिटरची रिकामी बादली ऐंशी रुपयांत दिली. मी उत्साहाने रोजच्या भाज्यांची देठे, केळीची साले आणि चहाचा चोथा तिच्यात टाकत गेलो आणि वर झाकण घट्ट लावले. भोक एकही पाडले नव्हते. पंधराव्या दिवशी तळाशी काळे पाणी साचले आणि सोळाव्या दिवशी जाड, मातकट रंगाच्या अळ्या रांगेने निघून समोरच्या काकूंच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचल्या.

मी माफी मागायला गेलो तेव्हा भोर तालुक्यात वाढलेल्या त्या काकू झाडूने अळ्या सुपलीत भरत होत्या. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अरे, पाला कुठे घातलास?"

साडेतीन हजारांच्या डब्यासोबत येणाऱ्या चकचकीत पत्रकात हा प्रश्न कुणी इतक्या सरळ विचारत असेल, असे मला वाटत नाही. ओला कचरा नुसता साठवला की त्यात हवा खेळत नाही आणि हवा नसली की तो कुजण्याऐवजी नासतो. दुर्गंधी येते ती नासण्याची. मूठभर ओल्या कचऱ्यावर दोन मुठी वाळका पाला टाकला की तोच पाला पाणी शोषतो आणि हवेला वाटही ठेवतो. काकूंच्या माहेरच्या उकिरड्यात शेण, गोठ्यातला केर आणि पाचोळा असे थरांवर थर पडत, आणि त्याला कुणी कल्चर म्हणत नसे.

दुसऱ्या वेळी मी काकूंच्या देखरेखीखाली बादली केली. तळाला आणि चारही बाजूंना पेन्सिलीच्या जाडीची भोके ड्रिलने पाडली (आधी गॅसवर तापवलेल्या सळईने प्रयत्न केला होता, जळक्या प्लॅस्टिकचा तो वास घरात दोन दिवस राहिला). बादली दोन विटांवर ठेवली, खाली जुने ताट सरकवले. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटे थर, त्यावर जुन्या कुंडीतली दोन ओंजळी माती, मग बारीक चिरलेला कचरा आणि पाला, आणि विरजण म्हणून वाटीभर आंबट ताकात विरघळवलेला गुळाचा खडा. तोंडाला झाकणाऐवजी जुन्या साडीचा तुकडा. दर दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करायचे. आठवड्याभरात वर हात धरला तर ऊब लागली. काकूंनीही हात धरून पाहिला आणि "आता चाललंय" एवढेच बोलल्या.

आमच्या चौघांच्या घरात बादली दीड महिन्यात भरते. मग दुसरी सुरू करायची आणि पहिली तशीच मुरू द्यायची. अडीच-तीन महिन्यांनी गव्हाच्या चाळणीतून जे खाली पडते त्याला पहिल्या पावसाचा वास असतो.

आणि पाला विकत आणावा लागत नाही, खरा संताप तिथेच येतो. आमच्याच सोसायटीत झाडलेला पाला कोपऱ्यात पेटवला जातो. 2016 च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, तरी कुणाला काही वाटत नाही. मीटिंगमध्ये विषय काढला तर उत्तर ठरलेले: "टॅक्स भरतो ना आपण?" भरतो. पण उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे दाराशी सोसला, त्यांनी कुठला टॅक्स चुकवला होता? आपल्याला मात्र लिफ्टमध्ये फणसाचा वास आला तरी ग्रुपवर सतरा मेसेज पडतात.

मान्य, ज्यांच्या घराला बाल्कनीच नाही त्यांना हे अवघड आहे. विकतच्या डब्याची तोटीही सोयीची असते, तेही मान्य.

हे लिहिता लिहिता त्या तरुणाचा चेहरा आठवतो आहे. घरात चार महिन्यांचे बाळ, दोघांच्याही नोकऱ्या. त्याने निदान पैसे खर्च करून प्रयत्न तरी केला. मी सकाळी त्याच्याशी जरा तुटकच बोललो. काकूंच्या उंबऱ्यावर अळ्या गेल्या तेव्हा त्या माझ्याशी तशा बोलल्या असत्या, तर माझी बादलीही त्याच दिवशी भंगारात गेली असती. काकू आता मुलाकडे नाशिकला असतात. त्यांची तुळस माझ्याकडे आहे आणि ती माझ्याच खतावर कमरेएवढी वाढली आहे.

तो डबा मी भंगारवाल्याकडून सोडवून घेतला आहे आणि पोतेभर वाळक्या पाल्यासह संध्याकाळी त्या तरुणाच्या दाराशी नेऊन ठेवणार आहे. इतर कुणाला हवे असेल तर रविवारी अकरा वाजता मी पार्किंगमध्ये ड्रिल घेऊन बसतो. बादली तुमची, पाला माझा.