पक्षाघात आणि हळदीचं दूध: त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘पक्षाघाताचा झटका आला की लगेच हळद-मिरपूड घालून गरम दूध पाजा. हळदीतलं कर्क्युमिन मिरपुडीमुळे अंगी लागतं आणि मेंदूतला एनएफ-कॅपा-बी हा दाहाचा सिग्नल बंद करतं, पेशी वाचतात. विज्ञानाने सिद्ध!’

‘सिग्नल बंद करतं.’ प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत आणि उंदरांत हे दिसलंय, मान्य. पण त्या उंदरांना कोणी दूध पाजलं नव्हतं. बऱ्याच प्रयोगांत वजनाच्या दर किलोमागे 100 ते 300 मिलिग्रॅम कर्क्युमिन पोटात टोचलं होतं. चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम हळदीत ते जेमतेम 90 मिलिग्रॅम असतं, तेही 60 किलोच्या अख्ख्या माणसाला.

‘मिरपुडीमुळे ते अंगी लागतं.’ याचं मूळ 1998 सालच्या बंगळुरूच्या प्रयोगात आहे. निरोगी माणसांना तब्बल 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तरी रक्तात ते जवळपास सापडेना. मिरीतल्या पायपरीनने प्रमाण वीसपट झालं. जवळपास नसल्याचं वीसपट, आणि तेही 2 ग्रॅमच्या डोसवर!

‘दाह थांबला की पेशी वाचल्या.’ सर्वांत मोठी गफलत इथे आहे. झटक्यानंतर पेशींमधले निरोप वेळेनुसार बाजू बदलतात. एमएमपी-9 हे एन्झाइम घ्या. पहिल्या तासांत ते रक्तवाहिन्यांभोवतीचं संरक्षक आवरण तोडतं, मेंदूला सूज येते. पण 2006 साली संशोधकांनी उंदरांत अशी एन्झाइमं आठवड्याभरानंतर रोखली, तेव्हा इजा उलट वाढली, कारण तोवर ती नव्या रक्तवाहिन्या घडवायच्या कामाला लागली होती. एनएफ-कॅपा-बीसुद्धा काही पेशींना जगवायला मदत करतो. कोणता सिग्नल, कुठल्या पेशीत, कितव्या दिवशी, हे न सांगता ‘बंद करा’ म्हणणं निरर्थक आहे.

‘सिद्ध!’ एनएक्सवाय-059 हे पक्षाघातात मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी बनवलेलं औषध प्राण्यांत चाललं, माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीनेही आशा दाखवली. 2007 मध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: फायदा शून्य. कर्क्युमिनची पक्षाघातात अशी परीक्षाही झालेली नाही.

‘लगेच पाजा.’ हे मात्र थेट धोक्याचं. झटक्यात गिळण्याची क्रिया बिघडू शकते. दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. झटका रक्ताच्या गुठळीमुळे आलाय की मेंदूतल्या रक्तस्रावामुळे, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की महाराष्ट्रात 108 ला फोन लावा. तोंडातून काही देऊ नका. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतील.