‘क्रूझवर छातीत दुखलं तर सांगू नका’ : हा सल्ला जीव घेईल

रविवारी दुपारी मावशीचा फोन आला. मावशी पार्ल्याची, वय 68, गेली वीस वर्षं मधुमेह. लग्नाच्या 45व्या वाढदिवसाला म्हणून तिच्या मुलांनी बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या गोव्याच्या क्रूझची दोन तिकिटं काढली आहेत. मला वाटलं, बोट लागू नये म्हणून कुठली गोळी घ्यायची ते विचारत असेल. ती म्हणाली, "अरे, ते दर दोन सेकंदांनी खोकायचं असतं ना, ते बसून की आडवं पडून? नीट सांग, मी वहीत लिहून घेतेय."

तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला होता. ‘क्रूझवर जाणाऱ्या ज्येष्ठांनो सावधान, एका निवृत्त कॅप्टनचा अनुभव.’ कॅप्टनचं नाव नाही, जहाजाचं नाही, सालही नाही. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर मला आणखी दोघांकडून आला, त्यातले एक आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातले दावे थोडक्यात: जहाजावर खरा डॉक्टर नसतो, कंपाउंडर असतो. कुणी मरायला टेकलं तरी कंपनी डिझेल वाचवायला जहाज वळवत नाही. हेलिकॉप्टर पाच मिनिटांत गच्चीवर उतरू शकतं, पण पैसे पडतात म्हणून कॅप्टन बोलवत नाही, तेव्हा नातेवाइकांनी आरडाओरडा करावा. छातीत दुखलं तर जहाजाच्या दवाखान्यात अजिबात जाऊ नये, कारण तुम्हाला पुढच्या बंदरात उतरवून देतात. त्याऐवजी जिभेखाली सॉर्बिट्रेट ही हृदयविकाराची गोळी ठेवून जोरजोरात खोकत राहावं आणि घरी परतल्यावर आपल्या डॉक्टरांना दाखवावं. आणि शेवटी, जहाजावर शवागार असतं. ते भरलं की आइस्क्रीम फुकट वाटतात, कारण आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये प्रेतं ठेवायची असतात.

मी 11 वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, शेवटची चार वर्षं सेकंड ऑफिसर. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांच्या कपाटाची किल्ली सेकंड ऑफिसरकडे असते, आणि कुणाला काही झालं की तोच वैद्य. त्यामुळे हा मजकूर वाचून मला जो संताप आला तो ऐकीव माहितीवरचा नाही.

खोकण्यापासून सुरुवात करतो, कारण मावशीच्या वहीत तेच उतरलं होतं.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीनं बंद होते. हृदय बहुतेक वेळा चालूच असतं, पण त्याचा एक भाग रक्तावाचून मरू लागतो. खोकून गुठळी सुटत नाही. कितीही जोरात खोका, दर दोन सेकंदांनी खोका, सुटत नाही. आणि हृदय खरंच बंद पडलं तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. तो खोकणार कसा? तेव्हा लागतं ते दुसऱ्याच्या हातांनी छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा दिलेला दाब आणि शॉक देणारं यंत्र. शॉक मिळायला उशीर होतो त्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. ही खोकण्याची गोष्ट आली कुठून तेही सांगतो. अँजिओग्राफीच्या टेबलावर, मॉनिटर लावलेला असताना, हृदयाचे ठोके अचानक बिघडले तर डॉक्टर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला काही सेकंद खोकायला सांगतात. शेजारी यंत्र असतं, डॉक्टर असतात. तिथला तुकडा उचलून कुणीतरी घरगुती उपाय केला. अमेरिकन हार्ट असोसिएशननं सामान्य लोकांनी हे करू नये असं स्पष्ट सांगितलं आहे, तरी पंचवीस वर्षं तो मजकूर फिरतोच आहे. आता तो जहाजावर चढला.

सॉर्बिट्रेटचंही तसंच. ती गोळी रक्तदाब खाली आणते. दाब आधीच कमी असेल, हृदयाच्या उजव्या बाजूचा झटका असेल, किंवा माणसानं व्हायग्रासारखं औषध घेतलं असेल, तर तो धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे त्यांनी ती सांगितल्याप्रमाणे घ्यावी. शेजाऱ्याच्या पाकिटातली घेऊ नये.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात विषारी वाक्य पुढचं आहे: दवाखान्यात जाऊ नका, उतरवून देतात. कारण ही भीती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आमच्या जहाजावर दापोलीकडचा एक मोटरमन, म्हणजे इंजिन रूममधला कामगार, होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. अरबी समुद्रात असताना एके दिवशी तो जेवायला आला नाही. ॲसिडिटी झाली म्हणाला. दुसऱ्या दिवशी इंजिन रूमच्या शिडीवर मध्येच बसला तेव्हा थर्ड इंजिनिअर त्याला धरून माझ्याकडे घेऊन आला. घाम, राखाडी पडलेला चेहरा, डावा हात पोटाशी धरलेला. दीड दिवस दुखत होतं. का सांगितलं नाहीस, तर म्हणाला, "साहेब, साइन ऑफ करतील. मुलीचं लग्न आहे." साइन ऑफ म्हणजे नोकरीवरून मोकळं करून जहाजावरून उतरवणं. मी नाडी, रक्तदाब, सगळ्या तक्रारी लिहून किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना कळवल्या. समुद्रावरच्या जहाजांना असा वैद्यकीय सल्ला विनामूल्य देणारी केंद्रं आहेत. रोमचं केंद्र 1935 पासून हे काम करतं. त्यांनी सांगितलं ते सगळं मी केलं, कॅप्टननं जहाज वळवलं, बंदर गाठायला 19 तास लागले. मोटरमन वाचला. पण हृदयाचा जो भाग त्या दीड दिवसात गेला तो गेला. मेडिकल फिटनेस त्याला पुन्हा मिळाला नाही. ज्या नोकरीसाठी त्यानं दुखणं लपवलं ती नोकरी लपवल्यामुळेच गेली. त्या 19 तासांत मी त्याच्या शेजारी बसून होतो. अजून त्याचा चेहरा आठवतो.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत होतो. 12 तास उलटले की फारसा हाती काही लागत नाही. मुंबईहून निघून दोन रात्रींनी परत येणाऱ्या माणसाला ‘घरी आल्यावर दाखवा’ सांगणं म्हणजे तो सगळा वेळ फुकट घालवायला सांगणं. शिवाय मधुमेह असलेल्यांना, विशेषतः बायकांना, छातीत कळ यायचीच असं नाही. धाप, मळमळ, जबडा दुखणं, विनाकारण थकवा, एवढंच होऊ शकतं. म्हणजे माझ्या मावशीनं तर अजूनच लवकर जायला हवं.

आता डॉक्टर. इथे त्या फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागेल. सागरी कामगार करार 2006 सांगतो की 100 किंवा अधिक माणसं असलेल्या आणि तीन दिवसांहून मोठ्या आंतरराष्ट्रीय फेरीवर जाणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असलाच पाहिजे. भारतानं हा करार 2015 मध्ये स्वीकारला. पण मुंबई–गोवा ही देशांतर्गत, दोन रात्रींची फेरी. त्या कलमात ती बसत नाही. तेव्हा तिकीट काढताना विचारा: डॉक्टर आहे का, रात्री असतो का, ईसीजी निघतो का? लेखी उत्तर मागा. हा प्रश्न विचारायला कुणी लाजू नये.

पण तेवढ्यावरून ‘कंपाउंडर असतो’ हे खरं ठरत नाही. मोठ्या क्रूझ जहाजांचे दवाखाने अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सच्या मार्गदर्शक सूत्रांवर चालतात, आणि ती 1995 पासून आहेत. ती मी वाचली आहेत. चोवीस तास वैद्यकीय कर्मचारी हाकेला हजर, दर हजार माणसांमागे एक खाट, निदान एक अतिदक्षता खाट, ईसीजी, डिफिब्रिलेटर (तेच शॉक देणारं यंत्र), व्हेंटिलेटर, प्रयोगशाळेच्या चाचण्या, गुठळी विरघळवणारं औषध. शस्त्रक्रिया नाही, अँजिओप्लास्टी नाही. हा दवाखाना म्हणजे केईएम नव्हे. रुग्णाला सावरून किनाऱ्यावर सुखरूप पोचवणं हे त्याचं काम. पण पार्ल्याच्या चौथ्या मजल्यावर रात्री तीन वाजता दुखू लागलं तर पहिला ईसीजी निघायला किती वेळ जातो याचा विचार करा. असा दवाखाना असलेल्या जहाजावर तो दोन-चार डेक खाली आहे आणि केबिनमधला फोन उचलून सांगितलं की माणसं तुमच्यापर्यंत येतात. त्या फोनजवळच नंबर लिहिलेला असतो. केबिनमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा तो वाचून ठेवावा.

जहाज वळवत नाहीत? समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा जो करार आहे, सोलास, त्याच्या पाचव्या प्रकरणातला 34-1 हा नियम सांगतो की जीव वाचवण्यासाठी कॅप्टनला जो निर्णय आवश्यक वाटतो त्यात मालक किंवा कंपनी आडकाठी करू शकत नाही. आमच्या कॅप्टननं मोटरमनसाठी आधी जहाज वळवलं, मग ऑफिसला कळवलं. गोव्याच्या वाटेवर तर किनारा डाव्या हाताला सोबतच असतो.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत मात्र मला घाई करायची नाही, कारण ‘आरडाओरडा करा’ हा सल्ला इतरांच्याही जिवावर बेततो.

बहुतेक क्रूझ जहाजांच्या गच्चीवर तलाव, खुर्च्या, छत्र्या, मास्ट आणि तारा असतात. हेलिकॉप्टर तिथे सहसा उतरत नाही, वर हवेत स्थिर राहतं. खाली डेक मोकळा करायचा, उडू शकेल ती प्रत्येक वस्तू, टॉवेलसुद्धा, बांधून किंवा आत ठेवायची, आग विझवणारी तुकडी उभी करायची, वाऱ्याचा कोन साधून जहाज एका दिशेला आणि एका वेगात ठेवायचं. वरून आलेला हुक आधी डेकला टेकू द्यायचा, कारण त्यात स्थिर विजेचा भार असतो. तो जहाजाला कधीही अडकवायचा नाही. मग स्ट्रेचरला जखडलेला माणूस तारेवर लोंबकळत वर जातो. ज्याला सलाईन आणि ऑक्सिजन चालू आहे त्याच्यासाठी हा प्रवास खालच्या खाटेवरच्या चार तासांपेक्षा वाईट ठरू शकतो. म्हणून जहाजाचा डॉक्टर, कॅप्टन आणि तटरक्षक दलाचं मुंबईचं सागरी बचाव समन्वय केंद्र, असे तिघं मिळून ठरवतात. ओरडण्यानं यातलं काहीही लवकर होत नाही.

आणि बोलावलं की येतात. 16 ऑगस्ट 2023 च्या रात्री मुंबईपासून सुमारे 200 किलोमीटर आत समुद्रात एका पनामाच्या झेंड्याच्या संशोधन जहाजावरच्या चिनी कर्मचाऱ्याच्या छातीत दुखू लागलं. पावसाळा, अंधार, खवळलेलं हवामान. दमणहून तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर गेलं आणि त्याला उचलून आणलं. देश कुठला, हे कुणी पाहिलं नाही.

कधी परत येत नाहीत. 2 सप्टेंबर 2024 ला रात्री अकराच्या सुमारास पोरबंदरजवळ ‘हरी लीला’ नावाच्या टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला तटरक्षक दलाचे चौघं जण असंच हेलिकॉप्टर घेऊन गेले. ते समुद्रात कोसळलं. एक वाचला, तिघं गेले. त्यातल्या एका अधिकाऱ्याचा मृतदेह सापडायला महिना उलटून गेला. ‘पैसे वाचवायला हेलिकॉप्टर बोलवत नाहीत’ हे वाक्य पुढे ढकलणाऱ्यानं त्या तिघांची आठवण ठेवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काही जण 1554 हा नंबर पाठवतात. तो तटरक्षक दलाचा शोध-बचाव नंबर आहे, खरा आहे, मच्छीमार बांधवांना फार उपयोगी आहे. पण किनारा लांब गेला की तुमच्या मोबाइलला रेंज नसते, आणि जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, तटरक्षक दलाशी थेट संपर्क असतो. तुम्ही दवाखान्याला कळवा, पुढचं ते करतील.

खर्चाबद्दल फॉरवर्डनं आकडे फेकले आहेत त्यांकडे दुर्लक्ष करा, पण खर्च होतो हे खरं. कर्मचाऱ्यांवरचे उपचार मोफत, प्रवाशांचे नाहीत. बिल केबिनच्या खात्यावर लागतं. आणि आपली नेहमीची मेडिक्लेम तिथे चालेलच असं नाही. विमा नियामकाच्या व्याख्येप्रमाणे मोठ्या शहरातल्या ‘हॉस्पिटल’ला निदान 15 खाटा आणि ऑपरेशन थिएटर लागतं, जहाजाचा दवाखाना त्यात बसणं कठीण. परदेशी क्रूझ असेल तर आपत्कालीन स्थलांतराचा खर्च धरणारा प्रवास विमा घ्याच.

शवागार? असतं. हजारो माणसं, त्यातली बरीच वयस्कर, आठवडा-दोन आठवडे समुद्रावर. कुणी गेलं तर देह सन्मानानं घरी पोचवायची सोय नको का? आइस्क्रीमच्या गोष्टीवर मी वेळ घालवणार नाही.

मावशीला मी तासभर हे सगळं सांगितलं. वहीतलं पान तिनं फाडलं. मग विचारलं, "मग बरोबर काय नेऊ?" जुना ईसीजी, औषधांची नावं आणि मात्रा लिहिलेला कागद, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते, डॉक्टरांचा नंबर. हे सगळं आणि इन्सुलिन पर्समध्ये, बॅगेत नाही. बॅगा टर्मिनलवर घेतात आणि केबिनमध्ये कधीकधी तीन-चार तासांनी येतात. बोट लागून उलट्या झाल्या आणि जेवण गेलं नाही तर इन्सुलिन किती घ्यायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेव, असंही सांगितलं. त्यासाठी तिनं गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. काकांचीही घ्यायला लावली.