वय कळतं, पण दगड ताजा हवा

दगडांचं वय कसं कळतं यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'एक्सआरएफ यंत्रात दगड ठेवला की त्याचं वय समजतं' हे वाक्य कृपया दुरुस्त करा. एक्सआरएफवर, म्हणजे क्ष-किरणांनी तपासणाऱ्या यंत्रावर, सिलिका, लोह, टायटॅनियम अशा घटकांचं प्रमाण कळतं. वयासाठी मात्र समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वस्तुमानाचे अणू, वेगळी मोजावी लागतात, आणि त्याला अणू वस्तुमानानुसार वेगळे करणारा मास स्पेक्ट्रोमीटरच लागतो. आपल्या सोलापूरच्या काळ्या पाषाणाचं, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टचं, सुमारे ६.६ कोटी वर्षं हे वय बऱ्याच अंशी आर्गॉन पद्धतीनं ठरलंय. पोटॅशियम-४० पासून आर्गॉन-४० बनतो, अर्धायुष्य (निम्मं पोटॅशियम-४० संपायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं. नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात, मग टप्प्याटप्प्यानं तापवून निघालेला आर्गॉन मोजतात.

नमुना कसा घ्यायचा हे मात्र लेखात आलंच नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. विद्यार्थ्यांना खडीच्या खाणीवर नेतो तेव्हा मी आधी मुरूम बाजूला काढायला लावतो. कुजलेल्या दगडातून आर्गॉन निसटलेला असतो, पोटॅशियमही इकडचं तिकडे झालेलं असतं. झिओलाइट या पांढऱ्या खनिजानं भरलेली भोकं असतील तर तो तुकडाही नको. घटकांचं प्रमाण मोजण्यासाठी दगड दळतानाही तेवढंच जपावं लागतं: टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात पूड केली की टंगस्टन आणि कोबाल्टचे आकडे बिघडतात. त्यांच्यासाठी अगेटचं (अकीक दगडाचं) भांडं घ्यावं, वेळ जास्त लागला तरी चालेल.