गप्प बसलेली दाढ

माझी खालची डावी दाढ संक्रांतीच्या सुमारास कुरकुरायला लागली. आधी थंड पाण्याने चमक, मग गरम चहानेही. मी चहा उजव्या बाजूने प्यायला लागलो आणि विषय मिटला असं समजलो. पंधरा दिवसांनी तिने रात्रपाळी धरली. दिवसा गुण्यागोविंदाने राहायची आणि मी उशीला डोकं टेकवलं की ठणठण सुरू. कारण पुढे कळलं. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, दाढेतला सुजलेला गर फुगू बघतो आणि चारी बाजूंना टणक भिंती असल्याने त्याला फुगायला जागाच नसते. दहा बाय दहाच्या खोलीत लग्नाचं वऱ्हाड उतरावं, तसं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की खुर्चीत बसून झोपलेलं बरं.

‘रूट कॅनॉल’ हा शब्द बायकोने उच्चारला आणि अख्खी बिल्डिंग सल्लागार झाली. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, वरची दाढ काढली की नजर जाते. माझी खालची होती, पण एवढ्या तपशिलात ते शिरले नाहीत. समोरच्या मावशींनी मिश्री लावायला सांगितली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी, त्यांच्या साडूच्या मित्राला चार माणसांनी खुर्चीत कसं धरून ठेवलं होतं, ते हातवारे करून सांगितलं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, यातल्या एकानेही रूट कॅनॉल केलेलं नव्हतं. आजोबांची तर कवळी होती.

लवंगेचा सल्ला तेवढा खरा निघाला. तिच्या तेलात युजेनॉल असतं, ते थोडा वेळ बधीर करतं. दाताच्या डॉक्टरांच्या मसाल्यातही ते वापरतात. पण दुखणं जात नाही. आठवडाभर मी मसालेभातासारखा घमघमत होतो, एवढंच.

आणि एके दिवशी ठणका थांबला. साफ. मी चहा डाव्या बाजूने पिऊन दाखवला आणि म्हटलं, “बघ, गेलं.”

बायको म्हणाली, “भांडता भांडता मी एकदम गप्प झाले, की तुम्ही काय समजता?”

सत्तावीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाचं उत्तर मला पाठ झालं आहे. मी मुकाट्याने अपॉइंटमेंट घेतली.

डॉक्टरीणबाई आमच्या जुन्या बिल्डिंगमधलीच मुलगी निघाली. तिचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा “जिन्याखालच्या बिळात टाक, उंदीर त्याचा दात तुला देईल,” असं मीच तिला सांगितलं होतं. उंदराचा दात नको म्हणून ती रात्रभर रडली होती. हे मला खुर्ची पूर्ण आडवी झाल्यावर आठवलं.

एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी काळी सावली होती. “काका, दुखायचं थांबलं कारण आतली नस मेली. जंतू मजेत आहेत.” मी म्हटलं, नुसत्या गोळ्या दे. तर गोळी जाते रक्तातून, आणि मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही. मग काढूनच टाक? “काढली आणि जागा तशीच ठेवली, तर शेजारच्या दाढा तिकडे कलतात, वरची खाली उतरते.” पॅसेंजरमध्ये माणूस उठला की बाकावरचे पसरतात, तसंच म्हणायचं.

इंजेक्शन टोचलं तेवढंच. मग ओठ माझा राहिला नाही. दाढेभोवती रबराचा पडदा ताणला, म्हणजे थुंकी आत जायला नको आणि मुळातला गर खरवडायची सुई घशात पडायला नको. त्या सुया रंगीत मुठींच्या आणि नंबरवार असतात: दहा नंबरची टोकाला 0.10 मिलिमीटर, पंचविसाची 0.25. सुई मुळाच्या टोकाजवळ पोचली की यंत्र रिव्हर्स घेणाऱ्या गाडीसारखं टुंटुं करतं. मधूनमधून जंतू मारायचं पाणी सोडायची, त्याला स्विमिंग पूलचा वास. खालच्या दाढेच्या मुळांत बहुधा गराच्या तीन नळ्या असतात. माझ्या दाढेत ती बराच वेळ काहीतरी धुंडाळत होती. “चौथी सापडली!” ती केवढ्या आनंदाने ओरडली! एखादी नळी राहून गेली तर जंतू तिथे पुन्हा संसार थाटतात म्हणे. दुखलं का? नाही. जबडा अवघडला. मधे मी घोरलो, असा तिचा दावा आहे.

भूल उतरेपर्यंत काही खाऊपिऊ नका, असं तिने बजावलं होतं. घरी येऊन मी चहा घेतला. अर्धा मी प्यायलो, अर्धा शर्ट प्यायला.

दुसऱ्या खेपेला नळ्यांत गटापर्चाच्या गुलाबी काड्या भरल्या. हा मलायाकडच्या झाडाचा चीक. 1870 साली मुंबई ज्या समुद्राखालच्या तारेने लंडनला जोडली गेली, तिलाही याच चिकाचं वेष्टण होतं. हे कळल्यापासून मला दाढेबद्दल आदर वाटायला लागला. तो आदर मी आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवला. तिसऱ्या मजल्यावरच्यांना दोनदा.

“पंधरा दिवसांत कॅपसाठी या काका. पोखरलेली दाढ आहे, फुटेल.”

पण दुखत तर काहीच नव्हतं! शिवाय मार्चएंड होता, मग पाडवा, मग आंबे. कॅपच्या पैशांत आंब्यांच्या किती पेट्या येतात, हा हिशोबही मी केला होता. मे महिन्यात मॅच बघताना खारे दाणे खाल्ले आणि टक्कन आवाज झाला. टीव्हीतून नाही.

तुकडा कागदात गुंडाळून नेला. तिने आरशाने आत बघितलं. मूळ शाबूत होतं, कॅप बसणार होती. मी सुटकेचा श्वास टाकला आणि पुडी पुढे करून विचारलं, “याचं काय करू?”

तिने मास्क खाली केला. “काका, आपल्या जिन्याखालचं ते बीळ अजून आहे का हो?”