चॅपल हिलचे सर आणि शिवाजी पार्कचे सर

मार्च 2015 मध्ये अमेरिकेत चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या जुन्या बास्केटबॉल खेळाडूंच्या घरी टपालाने एक पाकीट आलं. आत दोनशे डॉलरचा चेक आणि सोबत निरोप: कोच डीन स्मिथ यांच्यातर्फे बाहेर जेवायला जा. स्मिथ 7 फेब्रुवारीला वारले होते. आपल्या हाताखाली संघात खेळून गेलेल्या प्रत्येकाला ही रक्कम जावी, अशी तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली होती. असे खेळाडू सुमारे 180 निघाले. मायकल जॉर्डनला दोनशे डॉलर, आणि ज्याचं नाव संघाबाहेर कुणाला आठवत नाही त्यालाही दोनशेच.

3 डिसेंबर 2024 ला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं, आणि आमच्या दादरच्या शाळासोबत्यांमध्ये जुना वाद पुन्हा पेटला. सर 2 जानेवारी 2019 ला गेले. पद्मश्री आणि द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेल्या माणसाला शासकीय इतमामात निरोप मिळाला नाही. संबंधित खात्यांत ताळमेळ राहिला नाही, असं सरकारकडून सांगितलं गेलं. त्या वेळी लोक चिडले, ते बरोबरच होतं. आता एकाचं म्हणणं, स्मारकाला इतकी वर्षं का लागली. दुसऱ्याचं, पार्कात आधीच काय कमी आहे, मैदान खेळायला ठेवा. तिसरा म्हणतो, स्मारकापेक्षा पूर्ण पुतळा उभारायचा. मी इथून, नॉर्थ कॅरोलिनात बसून, सगळं वाचत राहिले आणि मला त्या पाकिटांची आठवण येत राहिली. आमचा सगळा वाद सरकारने सरांना काय दिलं याचा होता. सरांच्या हाताखालून गेलेली मुलं कोण होती, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सचिन सोडून.

मी कॅरी नावाच्या गावात राहते, चॅपल हिल इथून गाडीने अर्ध्या तासावर. बास्केटबॉल इथे घराघरात आहे. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात विचारतात, तुम्ही कॅरोलिनाचे की ड्यूकचे. स्मिथ गेले त्या आठवड्यात ऑफिसात निम्मी माणसं आकाशी निळे शर्ट घालून आली होती, आणि ज्यांनी त्यांना कधी जवळून पाहिलंही नव्हतं ती डोळे पुसत होती. पण शोकाची तऱ्हा मला जास्त लक्षात राहिली. 18 फेब्रुवारीला ड्यूकच्या मैदानावर सामना होता. या दोन विद्यापीठांचं वैर म्हणजे हाडवैर, आणि अंतर जेमतेम दहा मैल. सामन्याआधी दोन्ही संघांचे खेळाडू आणि प्रशिक्षक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, मिसळून, मधल्या वर्तुळात गुडघ्यांवर बसले. तीन दिवसांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया टेकविरुद्ध पहिल्याच चढाईला रॉय विल्यम्स यांनी चार बोटं वर केली. विल्यम्स हे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक, स्मिथ यांचेच जुने सहायक. चार बोटं म्हणजे 'फोर कॉर्नर्स', स्मिथ यांचा गाजलेला डाव: चार जण चार कोपऱ्यांत, पाचवा मध्ये चेंडू खेळवत समोरच्यांना दमवणार. त्या डावाने लोक इतके वैतागले, की 1985 मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये चेंडू राखण्यावर सेकंदांची मर्यादा आली त्यामागे तोही एक कारण होता. त्या दिवशी चेंडू फिरला, बचाव फसला, ब्राइस जॉन्सनने बास्केट केली आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. पोरांनी सरांचा धडा सरांच्या घरात म्हणून दाखवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच स्टेडियममध्ये श्रद्धांजली सभा होती. मी गेले होते. जुन्या खेळाडूंना एकत्र बसवलं होतं: साठच्या दशकातले पांढऱ्या केसांचे आजोबा, त्यांच्याशेजारी नव्वदच्या दशकातले उंचेपुरे गडी. काही जगप्रसिद्ध होते, बरेचसे नव्हते. पण प्रत्येकजण कुठल्या मोसमात खेळला हे त्या गर्दीतल्या म्हाताऱ्या बायकांनाही ठाऊक होतं. माझ्या शेजारच्या बाई बोट दाखवून मला नावं सांगत होत्या.

स्मिथ 1961 ते 1997, म्हणजे 36 मोसम मुख्य प्रशिक्षक होते. 879 विजय, 1982 आणि 1993 ची राष्ट्रीय विजेतेपदं. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याहून जास्त विजय पहिल्या श्रेणीच्या पुरुष कॉलेज बास्केटबॉलमध्ये कुणाच्याच नावावर नव्हते. पण त्यांच्या शिकवणीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते आकड्यांत बसत नाही. बास्केट करणाऱ्याने लगेच पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, हा त्यांचा दंडक. माझा मुलगा इथल्या गावच्या लीगमध्ये खेळतो. नऊ-दहा वर्षांची ती पोरं बास्केट झाली की वळून पास देणाऱ्याकडे बोट करतात. कुणाकडून आलं विचारलं तर सांगता येणार नाही त्यांना. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची की त्याला बाहेर घेणार, आणि बाहेर येणाऱ्यासाठी बाकावरचे सगळे उभे राहणार, हाही त्यांचाच नियम. 1981 मध्ये एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाला मुखपृष्ठावर संघाचे पाच खेळाडू हवे होते. स्मिथ यांनी चारच दिले, पाचवा पहिल्या वर्षाचा मुलगा होता म्हणून. तो मुलगा जॉर्डन. आई-वडिलांनंतर आपल्या आयुष्यावर स्मिथ यांच्याइतका प्रभाव कुणाचाच नाही, असं तोच पुढे म्हणाला.

खेळाबाहेरचं सांगायचं तर, साधे सहायक असताना, गावात वर्णभेद उघड पाळला जात होता त्या काळात, ते आपल्या चर्चचे पाद्री आणि एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याबरोबर एका हॉटेलात जेवायला जाऊन बसले. संघ नेहमी तिथेच जेवायचा, त्यामुळे मालकाला नाही म्हणता आलं नाही. ही गोष्ट बाहेर आलेली त्यांना फारशी रुचली नव्हती. 1966 मध्ये चार्ली स्कॉट आला, या विद्यापीठाचा शिष्यवृत्तीवरचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, तोही त्यांनीच आणलेला.

आणि हेच लोक 1965 मध्ये एका पराभवानंतर त्यांचा पुतळा गळफास लावून लटकवून मोकळे झाले होते. बिली कनिंगहॅम या खेळाडूने बसमधून उतरून तो खाली ओढला. इथे ती आठवण कुणी लपवत नाही. दुसरी आठवण मात्र शोकाच्या दिवसांत टाळली गेली. स्मिथ जाण्याआधी चारच महिने, ऑक्टोबर 2014 मध्ये, एका चौकशी अहवालाने दाखवून दिलं होतं की 1993 ते 2011 या काळात विद्यापीठाच्या एका विभागात नावापुरते वर्ग चालले. तासच होत नसत, तरी गुण मिळत. तीन हजारांवर विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यातले जवळपास निम्मे खेळाडू. यातली पहिली चार वर्षं स्मिथ यांच्या कारकिर्दीतली. त्या आठवड्यात एका सहकाऱ्याने हा विषय काढला तेव्हा त्याला गप्प केलं गेलं. मला ते पटलं नाही. ज्या माणसाची मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात याचा इतका अभिमान बाळगला जातो, त्याच्या स्मरणात हा प्रश्न यायलाच हवा. आपल्याकडेही गुरूबद्दल बोलताना हीच चाल आहे, गेलेल्या माणसाबद्दल सगळं गोडच.

तेव्हा इथलं सगळं उत्तम आणि घरचं सगळं वाईट, असं माझं मुळीच म्हणणं नाही. इथे कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकात सगळ्यात जास्त पगार कॉलेजच्या प्रशिक्षकाचा असतो, आणि खेळाडूंना कालपरवापर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मुभा नव्हती. आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरी करून सार्वजनिक मैदानावर शिकवत. एकच प्रथम श्रेणी सामना खेळलेला हा माणूस. सचिनला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेणारे, स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवणारे आणि शाबासकी कधीच न देणारे. नाबाद राहिलास तर नाणं तुझं. सचिनने ती तेरा नाणी जपून ठेवली आहेत. अंत्ययात्रा पार्कात आली तेव्हा पोरांनी बॅटी उंच धरल्या होत्या. तो निरोप कुठल्याही सलामीच्या तोडीचा होता. आपल्या माणसांच्या मायेत काही उणं नाही.

उणं आहे ते नोंदीत. स्मिथ एकशे ऐंशी जणांना चेक पाठवू शकले, कारण कोण कुठल्या मोसमात खेळला याचा कागद विद्यापीठात आहे आणि त्या कागदाला किंमत आहे. आपण प्रशिक्षक लक्षात ठेवतो तो त्याच्या सगळ्यात मोठ्या शिष्यावरून. आचरेकरांचं नाव घेतलं की तेंडुलकर, कांबळी, आमरे, आगरकर, आणि यादी कसोटीच्या टोपीपाशी थांबते. पण सरांच्या नेटमधून गेलेल्या बाकीच्या पोरांचं काय? जी विद्यापीठापर्यंत खेळली, बँकेत लागली, रविवारी कांगा लीग खेळली आणि आता सत्तरीला टेकली? आणि ज्यांचा एकही शिष्य भारताकडून खेळला नाही त्या प्रशिक्षकांचं काय? माझा भाऊ शिवाजी पार्कात ज्यांच्याकडे शिकला, ते पहाटे सहाला पोरांकडून पिचवर पाणी मारून घ्यायचे आणि परीक्षेचे गुण स्वतः तपासायचे. ते गेले तेव्हा पेपरात दोन ओळीही नव्हत्या. खो-खोचे, कबड्डीचे मास्तर, कोल्हापूरच्या तालमीतले वस्ताद, त्यांचंही तेच.

म्हणून मित्रांना मी लिहिलं की स्मारकाचा वाद पुरे करा, यादी करा. सरांच्या क्लबच्या जुन्या पोरांना गाठा. कुणाच्या माळ्यावर स्कोअरबुकं असतील, कुणाकडे हॅरिस आणि गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धांच्या संघांचे फोटो असतील, मागे पेनाने नावं लिहिलेले. शाळांच्या कपाटांत वाळवी लागायच्या आत जुन्या नोंदवह्या बाहेर काढा. सरांकडे कोण, कुठल्या वर्षी, किती काळ आलं, एवढं जरी जमवलं तरी पुष्कळ. त्यातल्या टायपिंगचं काम मी इथून करीन, रात्री मुलगा झोपल्यावर. दोघांनी होकार दिला आहे. एकाकडे 1978 च्या संघाचा फोटो निघाला असून त्यातली सात नावं लागली आहेत. उरलेल्या चौघांना ओळखणारं कुणी असेल तर कळवा.