पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली तर पीएफ बुडतो? नाही हो

परवापासून तो मेसेज फिरतोय ना, की पाच वर्षं व्हायच्या आत लाइन बदलली तर पीएफमधला कंपनीचा हिस्सा जप्त होतो, तो चुकीचा आहे. माझा मावसभाऊ चाकणला शॉप फ्लोअरवर तीन वर्षं काढून आता डेटा ॲनालिस्ट व्हायला निघालाय, बिचारा तो मेसेज वाचून राजीनामा मागे घेत होता.

गोंधळ ग्रॅच्युइटीमुळे (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) झालाय. तिला साधारण पाच वर्षांची सलग नोकरी लागते, आधी सोडली तर ती सहसा जाते, हे खरंय. पीएफचं तसं नाही, कंपनीचा हिस्सा पहिल्या महिन्यापासून तुमचाच. फक्त पासबुकात तो कमी दिसतो कारण कंपनी भरते त्या पगाराच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात (तेही १५ हजारांपर्यंतच्या पगारावरच), म्हणून भाऊ म्हणाला बघ, आत्ताच कापले 😄

पाच वर्षांचा आकडा पीएफला लागतो तो टॅक्सपुरता. त्याआधी पैसे काढलेत तर टॅक्स लागू शकतो, पण न काढता नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर केलेत तर जुनी सर्व्हिस पण मोजली जाते, मग फील्ड कुठलंही असो. यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) तोच द्यायचा, नवीन काढू नका, आणि जुन्या कंपनीने एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) भरली का ते आधी बघा, ट्रान्सफर तिथेच अडकतं.