पन्नाशीची गाडी आणि पेट्रोलची नळी

ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याकडे जुन्या गाड्यांचा विषय तीन बाजूंनी तापला. दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 12 तारखेला सांगितलं. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क पाच हजारांवरून दहा हजारांवर गेलं. आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने, म्हणजे ई20 ने, ॲव्हरेज पडतं का, नळ्या खराब होतात का, यावरून घराघरांत वाद झाले. अशा प्रत्येक वादात परदेशातला एखादा मराठी माणूस ‘इंग्लंडमध्ये बघा’ म्हणत उभा राहतोच. चाळीस वर्षांच्या गाडीला रोड टॅक्स नाही, वार्षिक तपासणी नाही, लंडनच्या प्रदूषण शुल्कातूनही सूट. हे खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. इंग्रज जुन्या गाड्यांवर आपल्यापेक्षा जास्त प्रेम करतात म्हणून त्या टिकल्या, असं नाही. त्या टिकल्या कारण पत्रा मिळतो, नळी मिळते आणि पंपावर दोन प्रकारचं पेट्रोल मिळतं.

इथली, म्हणजे इंग्लंडमधली, जुन्या गाड्यांबद्दलची हळहळ नेमकी कशाची आहे, ते आधी बघू. दर नोव्हेंबरला बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन-केंद्रात क्लासिक गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे गर्दी रोल्स-रॉइसभोवती कमी आणि फोर्ड, व्हॉक्सहॉल, ट्रायम्फ, रोव्हर यांच्या ‘तेज’ आवृत्त्यांभोवती जास्त असते. म्हणजे शेजारच्या कारकुनाकडे होती तीच गाडी, फक्त इंजिन दांडगं. एस्कॉर्ट घ्या. 1970 ची लंडन ते मेक्सिको वर्ल्ड कप रॅली हन्नू मिक्कोला आणि गुन्नार पाल्म यांनी एस्कॉर्टमधून जिंकली आणि फोर्डने लगोलग ‘मेक्सिको’ नावाची एस्कॉर्ट बाजारात आणली. इंजिन साधंच, 1600 सीसीचं, 86 बीएचपीच्या (अश्वशक्तीच्या) आसपास. पण सांगाडा रॅलीच्या गाडीचा, मजबूत केलेला. 1986 ची फोर्डचीच सिएरा आरएस कॉसवर्थ म्हणजे सेल्समनच्या गाडीत 204 बीएचपीचा टर्बो. तिची भावंडं असलेल्या पाचशे आरएस500 गाड्यांपैकी एक 2023 मध्ये लिलावात साडेपाच लाख पाऊंडांच्या वर गेली.

त्याच सिएराची साधी 1600 ची आवृत्ती आज रस्त्यावर शोधून सापडत नाही. गंजली, भंगारात गेली. 2009 मध्ये सरकार आणि कंपन्यांनी मिळून दहा वर्षांवरच्या गाडीमागे दोन हजार पाऊंड देऊ केले तेव्हा चार लाखांच्या आसपास गाड्या मोडीत निघाल्या, आणि तेव्हा कुणी फारसे अश्रू ढाळले नाहीत. ज्यांना आज बापाच्या गाडीची आठवण येते, त्यांच्या बापाकडे बहुधा ती वेगवान आवृत्ती नव्हतीच. तिचं चित्र भिंतीवर होतं.

आपल्याकडे नेमकं उलट झालं. साधी आवृत्ती आली आणि टिकली. वेगवान आवृत्ती बोटीत चढलीच नाही. हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाचा देह व्हॉक्सहॉलच्या सत्तरच्या दशकातल्या व्हीएक्सचा, पण 1984 मध्ये बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या बॉनेटखाली ॲम्बेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, इसुझूचं 1.8 नंतर आलं. त्याहून वाईट हाल रोव्हर एसडी1 चे. इंग्लंडमध्ये 1982 च्या व्हिटेस आवृत्तीत साडेतीन लिटरचा व्ही8, 190 बीएचपी. तोच देखणा देह मद्रासला ‘स्टँडर्ड 2000’ म्हणून 1985 पासून बनू लागला, तेव्हा त्यात बसवलं स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या काळातल्या इंजिनाचं वंशज, व्हिटेसच्या निम्म्याहून कमी ताकदीचं. तीन-चार वर्षांत कारभार आटोपला. पुण्या-मुंबईतले रसिक काँटेसात जपानी इंजिन बसवून जे करतात, ते या अपुऱ्या राहिलेल्या गाडीचं उट्टं काढणंच आहे.

पण एक इंजिन दोन्हीकडे खरोखर सारखं आहे. ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं जुनं इंजिन आणि एमजीबी या स्पोर्ट्‌स कारचं 1798 सीसीचं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजमधली. कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या टॅक्सी मिस्त्रीला आणि ऑक्सफर्डशायरच्या एमजीवाल्याला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बसवण्याची तीच युक्ती ठाऊक असते: नवाचा हिशेब. आठ व्हॉल्व्ह पुढून मोजायचे. आठवा पूर्ण दाबला गेलेला असताना पहिल्याची फट मोजायची, सातवा दाबला असताना दुसऱ्याची. बेरीज नऊ आली पाहिजे. फट पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.38 मिमी. प्लगची फट पंचवीस थाऊ. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2.

यात एक निदानही दडलेलं आहे. या इंजिनात पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा हे एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह. फट बरोबर लावूनही दोन-तीन हजार किलोमीटरनी नेमक्या या चौघांतल्या एखाद्याची फट बुजत असेल, तर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरला दोष देऊ नका; व्हॉल्व्ह सिलिंडर हेडमध्ये रुतत चाललाय. शिशाचं पेट्रोल ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2000 ला आणि भारतात 1 फेब्रुवारी 2000 ला बंद झालं. शिसं व्हॉल्व्ह टेकतो त्या ओतीव लोखंडाच्या सीटला वंगणासारखं जपत होतं. उपाय एकच: हेड उतरवून एक्झॉस्टला कठीण पोलादाच्या सीट बसवणे. हे काम आपल्याकडचा चांगला लेथवाला इथल्यापेक्षा स्वस्तात आणि तितकंच नीट करतो.

आता इथेनॉल. ब्रिटनने सप्टेंबर 2021 मध्ये साधं पेट्रोल ई10 केलं, पण सुपर दर्जाचं पेट्रोल ई5 ठेवलं. नोझलवर गोल चिठ्ठी असते, जुन्या गाडीवाला चार पैसे जास्त देऊन ई5 भरतो आणि वाद तिथेच संपतो. आपल्याकडे साध्या पंपावर ही निवडच नाही. मला ई20 च्या धोरणाला नाक मुरडायचं नाही. परकीय चलन वाचतं, आणि कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांना इथेनॉलने किती आधार दिला हे लंडनला बसून हिणवण्याची गोष्ट नाही. पण ‘काही होत नाही’ हे उत्तर आणि ‘इंजिन वितळेल’ ही आवई, दोन्ही चुकीची आहेत. काय होतं, ते क्रमाने असं.

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. नव्या गाडीचा संगणक इंधन वाढवून मिश्रण सांभाळतो. जुन्या गाडीतल्या कार्ब्युरेटरला डोकं नसतं; त्याचं जेट, म्हणजे इंधनाचं भोक, हवा आणि शुद्ध पेट्रोल यांच्या 14.7 ला 1 या प्रमाणासाठी कोरलेलं. ई20 ला साडेतेराच्या आसपास हवं. म्हणजे गाडी पातळ, कमी इंधनाच्या, मिश्रणावर चालते: ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळते, कार्ब्युरेटरमधून मागे फटका येतो, प्लगचं टोक बिस्किटी तपकिरी दिसण्याऐवजी पांढुरकं पडतं. चढावर असंच दामटत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, आणि वर सांगितलेल्या रुतण्याला तेच निमित्त होतं.

एमजीबीला असतो तशा एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरवर उपाय सोपा आहे. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा. खालचा षटकोनी नट एका बाजूने, म्हणजे एक षष्ठांश फेरा, खाली फिरवला की मिश्रण थोडं दाट होतं. मग कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम 0.8 मिमी उचला. आरपीएम किंचित वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर, वाढून तसाच राहिला तर दाट, इंजिन बसू लागलं तर अजून पातळ. जोडीचे दोन कार्ब्युरेटर असतील तर आधी दोघांची हवा सारखी करा, मग हे. सॉलेक्स बनावटीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला हा नट नाही. तिथे मुख्य जेटच एक-दोन आकार मोठं घ्यावं लागतं. तार घालून भोक वाढवणाऱ्या मिस्त्रीपासून मात्र जेट लांब ठेवा.

नळ्यांची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे प्रश्न ॲव्हरेजचा नसून आगीचा आहे. जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं, कडक करतं, मग क्लिपजवळ बारीक चिरा पडतात. नळी दुमडून बघा: वाकलेल्या जागी केसासारख्या रेषा दिसल्या की ती गेली. बाहेरून कापडी वेष्टण असलेली नळी सगळ्यात फसवी, चिरा दिसतच नाहीत. बदलताना ‘एसएई जे30 आर9’ असं छापलेलीच घ्या. तिचं आतलं अस्तर इथेनॉल सोसतं. छाप नसलेली, ‘साहेब, सेमच आहे’ म्हणून मिळणारी नाही. आतला व्यास बहुतेक गाड्यांना 6.3 किंवा 8 मिमी, आणि धातूच्या नळीमधले रबरी जोड धरून दोन-तीन मीटर पुरते. त्याच दिवशी गाडीतल्या इंधनपंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई बदला. सुई व्हिटॉनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, टोकाची हवी.

इथेनॉल टाकीतला जुना चिकट थरही सोडवतं. म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर चोंदतो आणि लोक पंपाला शिव्या घालतात. फिल्टर दोन जास्तीचे आणून ठेवा.

इथून पुढे दोन देशांतले रोग वेगळे होतात. इंग्लंडात गाडी नोव्हेंबर ते मार्च झाकून ठेवतात. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी तळाला वेगळं होऊन बसतं आणि वसंतात टाकीचा तळ गंजलेला निघतो. म्हणून हिवाळ्याआधी टाकी रिकामी करा, नाहीतर गळ्यापर्यंत भरा. नागपूरच्या मे महिन्यात याच इंधनाची वाफ होते. ॲम्बेसेडरचा इंधनपंप इंजिनला चिकटलेला; सिग्नलला उभं राहिलं की वाफ कोंडते आणि गाडी बंद. पंपावर ओलं फडकं गुंडाळायची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती बरोबर आहे, पण कायमचा इलाज म्हणजे पंप आणि ब्लॉक यांमध्ये उष्णतारोधक जाड पॅकिंग आणि एक्झॉस्टपासून दूर नेलेली नळी.

सुट्या भागांत मात्र इंग्लंड कितीतरी पुढे आहे. एमजीबीचा अख्खा नवा सांगाडा 1988 पासून मूळ साच्यांवर बनवून विकत मिळतो, तोही सरकारी कृपेने नव्हे तर व्यवसाय म्हणून. इथे रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्यामुळे पत्र्याला गिऱ्हाईक कायम. एस्कॉर्ट घेणारा आधी इंजिन ऐकत नाही. बॉनेट उघडून पुढच्या स्ट्रटची वरची बैठक, बॅटरीखालचा पत्रा, दाराच्या बिजागरीखालचा खांब, मागच्या पाट्यांचे हँगर बघतो, आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवतो. जिथे ते चिकटत नाही तिथे पुट्टी. आपल्याकडे ऑपेरा हाउस नि नाना पेठेत भाग मिळतात, पण काँटेसाच्या पुढच्या काचेला वा टेललाइटला भंगारातलीच दुसरी काँटेसा लागते. म्हणजे आपण वयाची मर्यादा घालून गाड्या मोडीत काढतो, आणि उरलेल्या गाड्यांना सुट्या भागांचं दुकान म्हणजे तेवढं भंगारच आहे.

या हळहळीने दोष झाकले जातात, हेही सांगितलं पाहिजे. ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंटचं उदाहरण पुरे. 1973 मध्ये दोन लिटर, सोळा व्हॉल्व्ह, 127 बीएचपी. घरगुती गाडीत तेव्हा असं कुणाकडे नव्हतं. पण वॉटर पंप इंजिनच्या माथ्यावर. कूलंट थोडं कमी झालं की सगळ्यात आधी पंप कोरडा पडतो, हेड तापतं, गॅस्केट जातं. मग हेड काढायला जावं तर ते निघत नाही. अर्धे बोल्ट आणि अर्धे स्टड वेगवेगळ्या कोनांत बसवलेले, आणि ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्टड गंजून जाम. चार दिवस तेल सोडत राहायचं, दोन नट एकमेकांवर आवळून स्टड फिरवून बघायचा, आणि तरी न निघाल्यास हेडचा बळी. दर दोन वर्षांनी गंजरोधक कूलंट बदललं असतं तर यातलं बरंच टळलं असतं. प्रदर्शनातल्या फलकावर हे लिहिलेलं नसतं.

कायद्यात तर इंग्लंडचं अनुकरण करूच नये असं एक कलम आहे. मे 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठा बदल न केलेल्या गाडीला वार्षिक तपासणी माफ. ब्रेकची नळी कधी बघितली, हे विचारणारं कुणी नाही. 1986 च्या सिएरा कॉसवर्थ चाळीस वर्षं पूर्ण होतील तशा, 2026 पासून, याच माफीच्या हद्दीत येतात; रोड टॅक्सची सवलत एप्रिल 2027 पासून. 204 बीएचपीची, चाळिशीची गाडी, तपासणीविना. शहाणे मालक तरीही स्वतःहून पासिंग करून घेतात, पण नियम शहाण्यांसाठी करायचे नसतात. त्याआधीची पद्धत चांगली होती आणि चाळिशीच्या आतल्या गाड्यांना आजही ती लागू आहे: बनली त्या काळाच्या मापाने मोजायचं. ऑगस्ट 1975 ते जुलै 1986 मधल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के, पुढची सहा वर्षं साडेतीन. आपल्या पीयूसीत भारत स्टेजपूर्व (प्रदूषणाचे ते नियम येण्याआधीच्या) गाडीला मर्यादा तीन टक्के. कागदावर आपण जास्त कडक आहोत. मग वयावर बंदी कशाला? नळी धुराड्यात खरंच घालून मोजा, ब्रेक रोलरवर तपासा, नापास झाली तर घरी बसवा. पास झाली तर पंधरा आणि वीस हे आकडे काय सांगतात?

आपल्याकडे विंटेज नोंदणीची सोय 2021 मध्ये आली: पन्नास वर्षं पूर्ण, मूळ रूप कायम, वीस हजार शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’. 1984 ची काँटेसा तिथे 2034 मध्ये पोचेल. तोवर पंधराव्या वर्षापासून दर पाच वर्षांनी, अशी सात नूतनीकरणं तिने पार केलेली असतील, त्यातली शेवटची ई20 वर. आणि व्हीए पाटी लागली की तिला रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि गॅरेजला जाता येईल. मंडईत भाजी आणायला नाही.